पेट्रोल जातं कुठं?

राज्यात पेट्रोल सगळ्यात महाग कुठं मिळतं, असं विचारलं की परभणीचं नाव हमखास पुढं येतं. कारणही मराठवाड्यात बहुतेकांना तोंडपाठ आहे. टँकर मनमाडजवळच्या पानेवाडी डेपोतून भरून निघतो, परभणीपर्यंत ३०० किलोमीटरच्या आसपास धावतो आणि ते भाडं लिटरमागे दरात चढतं. पंपावरच्या पाटीवरचा आकडा आपल्या हातात नाही. पण त्याच लिटरात गाडी १५ किलोमीटर जाणार की १८, हे पुष्कळसं चालवणाऱ्याच्या पायावर आणि गाडीच्या निगराणीवर ठरतं. ज्या भागात महिन्याचं बजेट पावसावर आणि सोयाबीनच्या भावावर हलतं, तिथं हा फरक किरकोळ नाही.

आधी पेट्रोल जातं कुठं ते बघू. लिटरभर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते. त्यातली पाऊण इंजिनाच्या उष्णतेत जाते, म्हणजे रेडिएटर आणि सायलेन्सरमधून बाहेर. चाकापर्यंत पोचतो तो जेमतेम चौथा हिस्सा. हा चौथा हिस्सा तीन ठिकाणी खर्च होतो. गाडीला समोरची हवा कापावी लागते, टायर रस्त्यावर दबत-उठत फिरवावे लागतात, आणि उरलेला वेग आपण ब्रेक दाबून तापवून टाकतो. हवा आणि टायर यांचा खर्च कमी करता येतो, टाळता येत नाही. ब्रेकचा खर्च मात्र बराचसा टाळता येतो, आणि नेमकं त्याच्याकडेच लक्ष सगळ्यात कमी असतं.

हिशेब मांडून बघा. माणसांसकट ११०० किलोची छोटी गाडी ताशी ६० च्या वेगात असते तेव्हा तिच्यात सुमारे १५३ किलोज्यूल ऊर्जा साठलेली असते. ब्रेक दाबून ती पूर्ण थांबवली की ही सगळी ऊर्जा डिस्क आणि लायनर तापवण्यात जाते. तेवढा वेग परत मिळवायला साधारण २० मिलिलिटर पेट्रोल लागतं. एका वेळचं २० मिलिलिटर कुणाला जाणवत नाही. पण तालुक्याच्या कुठल्याही रस्त्यावर प्रत्येक गावाच्या वेशीला एक, शाळेसमोर एक, कारखान्याच्या फाट्यावर दोन, असे गतिरोधक मोजत चला. ४० किलोमीटरमध्ये २० सहज भरतात.

गतिरोधक दिसूनही शेवटच्या ३० मीटरपर्यंत रेस चालू ठेवायची आणि मग ब्रेकवर उभं राहायचं, ही सवय रस्त्यावर सर्रास दिसते. सायकलवाला असं कधी करत नाही. त्याला गतिरोधक दिसला की तो पायडल मारणं आधीच थांबवतो, कारण मेहनत त्याच्या स्वतःच्या पायांची असते. गाडीतही तेच करायचं. गतिरोधक दीड-दोनशे मीटरवर असतानाच एक्सलेटरवरून पाय पूर्ण उचलायचा, गाडी गिअरमध्येच ठेवायची आणि शेवटी लागेल तेवढाच हलका ब्रेक द्यायचा. लिटरला १८ किलोमीटर जाणाऱ्या गाडीला २०० मीटरला ११ मिलिलिटर पेट्रोल लागतं. ते २०० मीटर गाडी फुकट कापते. २० गतिरोधकांना मिळून पाव लिटरच्या जवळपास बचत झाली, आणि ब्रेकपॅडचं आयुष्य वाढलं ते वेगळंच.

इथं एक जुना गैरसमज आड येतो. उतार लागला किंवा गाडी थांबवायची असली की न्यूट्रल करायचं, म्हणजे पेट्रोल वाचतं, असं कार्बोरेटरच्या काळापासून ड्रायव्हर एकमेकांना सांगत आले. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत हे उलटं आहे. गाडी गिअरमध्ये आहे, पाय एक्सलेटरवर नाही आणि इंजिनाचे फेरे साधारण १२०० ते १५०० च्या वर आहेत, अशा वेळी ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर बंद करतो. इंजिन चाकांच्या जोरावर फिरत राहतं आणि पेट्रोल शून्य लागतं. न्यूट्रल केलं की चाकांचा आधार सुटतो, आणि इंजिन चालू राहण्यासाठी पुन्हा पेट्रोल घ्यायला लागतं. मीटरमध्ये त्या क्षणाचं ॲव्हरेज दाखवणारी पट्टी असेल तर पाय उचलल्याबरोबर ती टोकाला जाते, हे डोळ्यांनी दिसतं.

कन्नडच्या औट्रम घाटात किंवा बीडजवळ मांजरसुंब्याच्या घाटात तर न्यूट्रलचा विचारही करू नये. सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापले की पकड कमी होते, आणि पेट्रोल वाचवायला कुणी इंजिनच बंद केलं तर ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम दोन-चार दाबांत संपतो, पेडल दगडासारखं होतं, स्टिअरिंग जड होतं. ज्या गिअरमध्ये घाट चढता, त्याच गिअरमध्ये उतरा. हा नियम सुरक्षेचा आहे आणि पेट्रोल वाचवणाराही तोच आहे.

नजर लांब ठेवणं ही या सगळ्याची मुळातली गोष्ट. ऊसतोडीच्या हंगामात ट्रॅक्टरमागं दोन-दोन ट्रॉल्या लावून निघालेली गाडी अर्ध्या किलोमीटरवरूनच दिसते. तिच्या बुडाला जाऊन ब्रेक, मग रेस, समोरून एसटी आली की परत ब्रेक, असं पाच-सहा वेळा झालं की टाकीतला काटा सरकतोच. त्यापेक्षा मागं पुरेसं अंतर ठेवा, ट्रॅक्टरच्या वेगाला जुळवून घ्या, आणि रस्ता मोकळा दिसला की एक गिअर खाली घेऊन एकाच दमात पुढं काढा. मागं अंतर असलं की समोरचा रस्ताही जास्त दिसतो, हा अजून एक फायदा.

गिअरबद्दलही दोन टोकाच्या सवयी आहेत. काहीजण दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन ओरडेपर्यंत नेतात, काहीजण ताशी ३० ला चौथा टाकून गाडी हापसत चालवतात. पेट्रोल गाडीत २००० ते २५०० फेऱ्यांच्या दरम्यान वरचा गिअर टाकावा, डिझेलमध्ये १५०० ते २०००. वेग घेताना अगदी चोरपावलांनी घेण्याची गरज नाही. एक्सलेटर निम्म्यापर्यंत दाबून लवकर वरच्या गिअरला पोचणं, खालच्या गिअरमध्ये रेंगाळण्यापेक्षा बरं. गाडी थरथरायला लागली किंवा इंजिनातून टकटक आली, तर गिअर वरचा झालाय, खाली घ्या. आणि गिअर टाकून झाला की डावा पाय क्लचवरून काढून बाजूला ठेवा. क्लचवर नुसता टेकलेला पायसुद्धा प्लेट घासवतो.

आता वेग. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० वर जो विरोध असतो तो १०० वर दीडपटीच्या वर जातो आणि १२० वर सव्वादोनपट होतो. समृद्धी महामार्गावर कारला १२० ची मुभा आहे, आणि रस्ता इतका सरळ की पाय आपोआप दाबला जातो. तिथं ९० वर चालवलेली गाडी आणि १२० वर चालवलेली गाडी, एकच असूनही ॲव्हरेजमध्ये ठळक वेगळी निघते. वेळेचा हिशेब करा: १०० किलोमीटरला १२० च्या वेगानं ५० मिनिटं लागतात, ९० नं ६७. छत्रपती संभाजीनगर ते जालना साधारण ६० किलोमीटर धरलं, तर ८० आणि १०० यांत फरक पडतो ९ मिनिटांचा. या ९ मिनिटांची किंमत प्रत्येकानं आपल्यापुरती ठरवावी, पण ती किती आहे हे माहीत असावं. तुळजापूरला किंवा पंढरपूरला जाऊन आल्यावर छतावरचं कॅरिअर महिनोन्‌महिने तसंच राहतं. मोकळं असलं तरी ते हवा अडवतं. चार बोल्ट काढायचं काम आहे, काढून ठेवा.

कंपनीच्या जाहिरातीतलं ॲव्हरेज आपल्याला मिळत नाही, म्हणून गाडीत काहीतरी बिघाड आहे असं मानू नका. ती चाचणी गाडी रोलरवर ठेवून होते, एसी बंद असतो आणि कमाल वेग ताशी ९० असतो. समोर ट्रॉली नसते आणि मे महिनाही नसतो.

मे महिन्याचं म्हणाल तर नांदेड-परभणीकडं पारा ४२-४३ ला जातो, तेव्हा एसी लावू नका हा सल्ला देण्यात अर्थ नाही. लावा, पण नीट लावा. उन्हात उभ्या गाडीत बसल्या बसल्या काचा बंद करून एसी फुल करण्याऐवजी चारही दारं मिनिटभर उघडी ठेवा, काचा खाली ठेवून गाडी अर्धा-एक किलोमीटर चालवा, आतली भट्टीची हवा बाहेर जाऊ द्या. मग काचा वर, एसी चालू, आणि आतलीच हवा फिरवणारं बटण दाबा. गावातल्या कमी वेगात काचा उघड्या ठेवणं परवडतं, महामार्गावर मात्र उघड्या काचा हवा अडवतात, तिथं एसीच बरा. कापसाच्या आणि मळणीच्या दिवसांत रेडिएटरच्या पुढं असलेल्या एसीच्या कंडेन्सरच्या जाळीत धूळ, कापूस, फोलकटं जाऊन बसतात. मग एसी गार करत नाही आणि कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. जाळी साध्या पाइपच्या हलक्या पाण्यानं धुवा. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा जवळून मारला तर तिच्या पातळ पत्र्या दुमडतात.

रेल्वे फाटकावर किंवा जालना रोडच्या लांब सिग्नलला एसी लावून इंजिन चालू ठेवलं तर छोटी पेट्रोल गाडी तासाला लिटरच्या आसपास पेट्रोल पिते. १० मिनिटांच्या फाटकाला दीडशे मिलिलिटरच्या वर गेलं. अर्ध्या मिनिटापेक्षा जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. आणि सकाळी गाडी पाच मिनिटं 'गरम करत' उभी ठेवायची गरज इंजेक्शनच्या गाडीला नाही. वीस-तीस सेकंद पुरे, पहिले दोन किलोमीटर सावकाश चालवा, ती चालता चालता लवकर गरम होते.

टायरमधल्या हवेबद्दल बोलताना लोक मोठमोठे आकडे सांगतात. चारही टायरांत पाच-सहा पीएसआय हवा कमी असली तर ॲव्हरेज एखाद-दोन टक्क्यांनी पडतं, हे वास्तवाला धरून आहे. पण कमी हवेचा टायर फिरताना जास्त दबतो, दबल्यानं आतून तापतो, आणि उन्हाळ्यात समृद्धीच्या काँक्रीटवर १२० च्या वेगानं तो फुटायला तेवढं कारण पुरतं. म्हणून हवेकडं पैशांपेक्षा जिवासाठी बघा. दाब किती ठेवायचा ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर लिहिलेलं असतं, दोन माणसांसाठी वेगळं आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळं. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा टायरची कमाल मर्यादा असते, तो भरायचा नाही.

हवा सकाळी, टायर थंड असताना बघायची. इथंच चूक होते. दुपारी ५० किलोमीटर चालून पंपावर गेलं की ३३ भरलेली हवा ३७-३८ दाखवते. 'हवा जास्त आहे' म्हणून पोरगा ती ३३ वर आणतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी थंड टायरमध्ये २८-२९ च उरते. तापलेल्या टायरची हवा कधीही काढू नका. पंपावरच्या मीटरवर डोळे झाकून विसंबू नका, तीन-चारशे रुपयांचा स्वतःचा गेज घ्या. पंक्चर नसतानाही महिन्याला एक-दोन पीएसआय हवा उतरते, म्हणून दर पंधरवड्याला बघा, स्टेपनीसकट. नायट्रोजनला जास्तीचे पैसे मोजायचे तर मोजा, पण साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो. नियमित तपासणीची सर त्याला येत नाही.

अलाइनमेंटसाठी दर १० हजार किलोमीटरला, किंवा मोठा खड्डा आपटल्यावर लगेच जावं. टायरच्या नक्षीवरून तळहात आतून बाहेर आणि बाहेरून आत फिरवून बघा. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं लागलं तर चाकं तिरकी होऊन घासत चाललीत, हे नक्की.

आता जी गोष्ट गॅरेजमध्ये सहसा न सांगता सुटते ती: अडकलेला ब्रेक. मराठवाड्याच्या काळ्या मातीत तिचं कारण दडलेलं आहे. पावसाळ्यात पाणंद रस्त्यानं शेतावर जाऊन आलं की तो चिखल रिमच्या आतल्या बाजूला आणि पॅड डिस्कवर दाबणाऱ्या कॅलिपरभोवती भरतो आणि वाळला की दगड होतो. कॅलिपर ज्या दोन पिनांवर सरकतो, त्यांचे रबरी बूट फाटलेले असतील तर माती आत शिरते, पिना गंजतात, आणि पाय काढल्यावरही पॅड डिस्कला चिकटलेलं राहतं. गाडी दिवसभर ब्रेक लावूनच चालते. ओळखायचं कसं? मोकळ्या रस्त्यावर ब्रेक शक्यतो न वापरता आठ-दहा किलोमीटर चालवा, हलकेच थांबा, आणि प्रत्येक रिमजवळ तळहात न्या. हात लावू नका, भाजेल. एक चाक बाकीच्यांपेक्षा स्पष्ट गरम असेल तर ते जॅकवर उचलून हातानं फिरवा. पॅडची हलकी घसर ऐकू येणं ठीक आहे, पण झटका दिल्यावर चाक अर्धा फेराही घेत नसेल तर पिना काढून साफ करायला लावा. त्यांना सिलिकॉनचं ब्रेक ग्रीस लागतं. साधं ग्रीस रबर फुगवतं आणि महिन्याभरात दुखणं परत येतं. मागच्या चाकांत हँडब्रेकची केबल जास्त ताणलेली असली तरी हाच प्रकार होतो. पावसाळ्यात गाडी धुताना पाइप रिमच्या आतल्या बाजूलाही धरा.

दुसरी तशीच दुर्लक्षित गोष्ट थर्मोस्टॅटची, म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत कूलंटला रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या झडपेची. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकण्याची पद्धत काही मिस्त्र्यांकडे अजून आहे. त्यामुळं कूलंट पहिल्या क्षणापासून रेडिएटरमध्ये फिरत राहतं, आणि जे इंजिन ९० अंशांच्या आसपास चालायला हवं ते हिवाळ्यात ६५-७० वर रेंगाळतं. ईसीयूला वाटतं इंजिन अजून थंडच आहे, म्हणून तो पेट्रोल जास्त देत राहतो. काटा महामार्गावर निम्म्याच्या बराच खाली राहत असेल तर नवीन थर्मोस्टॅट बसवून घ्या, आणि गाडी मुळात का तापते ते शोधायला लावा: फॅन, कूलंटची पातळी, आतून गाळ धरलेला रेडिएटर, यांतलं काहीतरी असतं.

एअर फिल्टरबद्दल मात्र जरा वेगळं सांगायला हवं. फिल्टर चोंदला की ॲव्हरेज धाडकन पडतं, हे कार्बोरेटरच्या गाडीला लागू होतं. इंजेक्शनच्या पेट्रोल इंजिनात हवा कमी आली तर ईसीयू पेट्रोलही कमी करतो, त्यामुळं फटका बसतो तो पिकअपला. डिझेलमध्ये काळा धूर वाढतो. तरीही आपल्या धुळीत फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला उघडून बघायलाच हवा, कारण फाटलेल्या फिल्टरमधून गेलेली बारीक माती रिंग आणि सिलिंडर खाते, आणि ते नुकसान परत भरून येत नाही. कागदी फिल्टर धुवायचा नाही. हवा मारायची तर कमी दाबानं, आतून बाहेर, कागदापासून अंतर राखून.

ऑइल पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच टाका. ०डब्ल्यू-२० सांगितलेल्या इंजिनात 'उन्हाळ्याला जाड बरं' म्हणून २०डब्ल्यू-५० टाकलं तर इंजिनाची स्वतःला फिरवण्यातच जास्त ताकद जाते. पातळी डिपस्टिकच्या दोन खुणांच्या मध्ये असावी, वरच्या खुणेच्या पुढं गेलेलं ऑइलही वाईटच. चेक इंजिनचा दिवा लागला असेल आणि गाडी 'चालतेय की' म्हणून तसाच ठेवला असेल, तर ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यानं गाडी महिनोन्‌महिने जास्त पेट्रोल पीत असू शकते. प्लग काढून बघा: टोक फिकं तपकिरी असेल तर जळण ठीक आहे, काजळीनं काळं असेल तर पेट्रोल जास्त येतंय. बीएस-६ डिझेल गाडी फक्त गावातल्या गावात फिरवली तर डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, काजळीनं भरतो आणि तो जाळून साफ करायला गाडी जास्तीचं डिझेल वापरते. तिला आठवड्यातून एकदा वीस-पंचवीस मिनिटं महामार्गावर सलग चालवा.

पेट्रोलच्या पाइपला लावायची चुंबकं आणि टाकीत ओतायच्या 'ॲव्हरेज वाढवणाऱ्या' बाटल्या यांवर पैसे घालवू नका. तेवढ्यात एक अलाइनमेंट होते.

इथेनॉलचा विषय टाळता येत नाही, कारण ते आपल्याच भागातल्या उसातूनही येतं. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच २० टक्के मिश्रणावर जुन्या धाटणीच्या चारचाकींचं ॲव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी आणि त्या मिश्रणासाठी जुळवलेल्या गाड्यांचं १ ते २ टक्क्यांनी घटेल असा अंदाज दिला होता. म्हणजे जुन्या गाडीचं १८ चं १७ च्या खाली आलं तर लगेच इंजिन उघडायला लावू नका.

मोजायचं कसं, तर मीटरवरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका, तो बहुधा चढाच असतो. ठरलेल्या पंपावर पहिला ऑटो-कट होईपर्यंत टाकी भरा, ट्रिप मीटर शून्य करा, किमान ४०० किलोमीटर चालवा, परत त्याच पंपावर पहिल्या कटपर्यंत भरा, आणि किलोमीटरला लिटरनं भागा. कटनंतर 'राउंड फिगर' करायला तोंडापर्यंत भरू नका, जास्तीचं पेट्रोल वाफा शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये जाऊन ते खराब करतं. एका टाकीवरून निष्कर्ष नको, तीन टाक्यांची सरासरी धरा. टायर मूळ मापापेक्षा मोठे बसवले असतील तर मीटर किलोमीटर कमी मोजतो, ते हिशेबात घ्या.

असे आकडे वहीत असले की मिस्त्रीकडं जाताना नेमकं बोलता येतं. ॲव्हरेज महिनोन्‌महिने थोडं थोडं उतरत असेल तर टायर, अलाइनमेंट, प्लग बघायला सांगा. फक्त हिवाळ्यात पडत असेल तर थर्मोस्टॅट. मे महिन्यात पडून जुलैत सावरत असेल तर तो एसीचा खर्च, गाडीला हात लावू नका. आणि एकाच टाकीत दोन-अडीच किलोमीटरनं खाली आलं, तर स्कॅनर लावण्याआधी चारही रिमजवळ तळहात नेऊन बघा.